जुलाब विषाणूचे, मग अँटिबायोटिकने उंदीर वाचले कसे?

विश्वामित्रीकाठची (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ९:५०

पाऊस सुरू झाला की बडोद्यात दोन गोष्टी हमखास होतात. विश्वामित्रीतल्या मगरींचे व्हिडिओ फिरू लागतात, आणि मांजलपूरपासून कारेलीबागेपर्यंत प्रत्येक केमिस्टच्या काउंटरवर 'जुलाबाची गोळी द्या' सुरू होतं. २०१८च्या जुलैत तर महापालिकेने शहरातली पाणीपुरीच बंद करवली होती. सेव-उसळ तेवढी वाचली, देवाची कृपा.

पावसाळी आजारांच्या धाग्यावर मी लिहिलं होतं की लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंचे असतात आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. त्यावर एका सदस्याचा व्यनि (व्यक्तिगत निरोप) आला: 'ताई, अँटिबायोटिक दिलेले उंदीर पोलिओतून वाचले असं वाचलंय. मग तुमचं खरं की त्यांचं?' प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर लिहायला बसले तर ते व्यनित मावेना, म्हणून हा धागा.

प्रयोग २०११चा, अमेरिकेत डॅलसला ज्युली फायफर यांच्या प्रयोगशाळेतला. पोलिओचा विषाणू मुळात आतड्यात वाढणारा. उंदराला तो सहसा होत नाही, कारण त्याला पेशीत शिरायला जे प्रथिन लागतं ते उंदराकडे नसतं. म्हणून माणसाचं ते प्रथिन असलेले खास उंदीर घेतले. काहींना आधी चार अँटिबायोटिकांचं मिश्रण देऊन त्यांच्या आतड्यातले जिवाणू जवळजवळ साफ केले आणि मग सगळ्यांना तोंडावाटे विषाणू दिला. जिवाणू साफ केलेले उंदीर कमी आजारी पडले, कमी मेले, आणि त्यांच्या आतड्यात विषाणू फारसा वाढलाच नाही. त्यांना पुन्हा जिवाणू दिले तेव्हा विषाणूही पुन्हा जोरात आला.

औषधाने विषाणूला मारलं नव्हतं. त्याला ज्यांची मदत होत होती, ते जिवाणू गेले होते.

मदत कसली? पोलिओचा कण म्हणजे प्रथिनाच्या कवचात ठेवलेला आरएनए, म्हणजे त्याची जनुकं. अंगाच्या तापमानाला तो नुसता पडून राहिला तर कवच वेळेआधीच उघडतं, आतला आरएनए बाहेर पडतो आणि कण वाया जातो. बऱ्याच जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणावर लाइपोपॉलिसॅकराइड नावाची साखर आणि स्निग्ध पदार्थ यांची लांब साखळी असते. विषाणू तिला चिकटला की त्याचं कवच टिकतं, शिवाय पेशीलाही तो जास्त घट्ट धरतो. हे याच मंडळींनी २०१४मध्ये दाखवलं. २०१८मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. एका जिवाणूच्या अंगावर अनेक विषाणू बसतात, त्यामुळे ते एकाच पेशीत एकदम उतरतात. स्टेशनहून मांडवीला जाणारी शेअर रिक्षाच म्हणा. वेगवेगळे बिघाड असलेले दोन विषाणू असे एका पेशीत पोचले, तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊन एक धडधाकट विषाणू तयार होऊ शकतो.

पोलिओ एकटाच असा नाही. २०११च्या 'सायन्स'च्या त्याच अंकात उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगाच्या विषाणूवर काम आलं होतं. हा विषाणू आईच्या दुधातून पिल्लाच्या आतड्यात जातो, जिवाणूंचं तेच लाइपोपॉलिसॅकराइड स्वतःला लावून घेतो आणि त्याच्या आडून पिल्लाची प्रतिकारशक्ती शांत करतो. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसचंही उंदरांमध्ये तसंच दिसलं: अँटिबायोटिक दिल्यावर संसर्ग कमी. २०१५मध्ये नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबाच्या विषाणूवरच्या प्रयोगात मात्र गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांत नोरो ठाण मांडून बसू शकला नाही. पण ज्या उंदरांना इंटरफेरॉन लॅम्डा या संरक्षक संदेशाचा प्रतिसादच देता येत नव्हता, त्यांच्यात अँटिबायोटिक देऊनही नोरो टिकला. म्हणजे इथे जिवाणू विषाणूला नुसते खांद्यावर घेत नव्हते, यजमानाच्या संरक्षणात काहीतरी ढवळाढवळ चालली होती. प्रत्येक विषाणूचा जिवाणूंशी व्यवहार निराळा, हे मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतं.

याच्या बरोबर उलटही होतं. अटलांटाच्या एका प्रयोगशाळेतले काही उंदीर प्रतिकारशक्ती दुबळी असूनही रोटाला दाद देईनात. त्यांची विष्ठा दुसऱ्या उंदरांना दिली तर तेही दाद देईनात. शोधता शोधता एक धाग्यासारखा लांबट जिवाणू सापडला, जो आतड्याच्या अस्तरातल्या पेशी भराभर बदलायला लावतो. जुनी पेशी विषाणूसकट गळून पडते आणि खाली नवी तयार असते. हा शोधनिबंध २०१९चा.

आणि शेवटचं. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने जन्मापासून एकही जिवाणू न पाहिलेल्या उंदरांना फक्त नोरोव्हायरस दिला. अशा उंदरांचं आतडं अर्धवट वाढलेलं असतं, संरक्षक पेशीही कमी असतात. एरवी जिवाणू जे काम करतात त्यातलं बरंचसं त्या विषाणूने करून दिलं आणि आतडं जवळजवळ नेहमीसारखं झालं. ज्याला आपण जुलाबाचा विषाणू म्हणून शिव्या घालतो, तोच!

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.


दांडियाबाजारकर
सोमवार, रात्री १०:२५

ताई, धागा झकास. पण आमच्या काकू हे वाचून म्हणतील 'बघ, मी सांगत नव्हते?' त्या दरवर्षी चार धाम, नर्मदा परिक्रमा, काहीही असलं की निघण्याआधी तीन दिवस कुठलंसं अँटिबायोटिक घेतात, 'पोट स्वच्छ ठेवायला'. आता त्यांना काय सांगू?


विश्वामित्रीकाठची
सोमवार, रात्री ११:०५

काकूंना वेल्लोरचं सांगा. तोंडावाटे देण्याची पोलिओ लस आपल्याकडच्या बाळांमध्ये श्रीमंत देशांपेक्षा कमी लागू पडते, हे जुनं दुखणं. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये एकेका मुलाला किती वेळा डोस द्यावे लागले, ते पल्स पोलिओच्या काळातल्या सगळ्यांना आठवत असेल. एक तर्क असा होता की बाळाच्या आतड्यातले रोगकारक जिवाणू आणि त्यांनी आणलेली सूज लसीला आड येते. म्हणून वेल्लोरमध्ये बाळांना लसीआधी तीन दिवस अझिथ्रोमायसिन दिलं, दुसऱ्या गटाला नुसतं दिसायला तसंच औषध. निकाल २०१६मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात आला. रोगकारक जिवाणू कमी झाले, सुजेच्या खुणाही कमी झाल्या, लसीचा प्रतिसाद मात्र काडीनेही वाढला नाही.

आणि डॅलसच्या उंदरांना एक गोळी दिली नव्हती. चार औषधांनी आतडं जवळजवळ ओसाड केलं होतं. काकूंच्या तीन दिवसांनी तसलं काही होत नाही. संवेदनशील जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि परत आल्यावर गरज पडलीच तर तेच औषध चालत नाही. भर म्हणजे विषाणू बदलला की निकालही फिरतो. २०१८मध्ये उंदरांना आधी अँटिबायोटिक देऊन वेस्ट नाइल, डेंगू आणि झिका दिले, तर आजार जास्त तीव्र झाला. पावसाळ्यात डासांच्या गावात राहून हा जुगार कोण खेळेल?


कोठीवरचा_डॉक्टर
मंगळवार, सकाळी ७:१५

ओपीडीला जायच्या आधी घाईत लिहितो.

काकूंचं सोडा, आमच्याकडे येणाऱ्या दहा आयांमधल्या बऱ्याच जणी चिठ्ठीत अँटिबायोटिक नसेल तर 'नुसती पावडरच दिली' म्हणून नाराज होतात. ती 'नुसती पावडर' म्हणजे ओआरएस. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना पाजलं आणि पटकीचे रुग्ण वाचवले. विषाणू असो वा जिवाणू, जुलाबात माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गेल्याने. सोबत झिंक १४ दिवस. मूल दोन दिवसांत खेळायला लागलं तरी झिंक बंद करू नका.

अँटिबायोटिक लागतं कधी? शौचात रक्त आणि ताप असेल, पटकीचा संशय असेल, मूल फार लहान किंवा कुपोषित असेल, तेव्हा. तेही आम्ही ठरवू, केमिस्ट नाही.

एक भर घालतो, कारण धाग्याचा विषय विषाणू आणि जिवाणू आहे. काही ई. कोलाय शिगा नावाचं विष बनवतात, ज्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्या विषाचं जनुक मूळ जिवाणूचं नाही, त्याच्या आत दडून राहिलेल्या विषाणूचं आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध जिवाणूच्या डीएनएला धक्का देतं, की आतला विषाणू जागा होतो, त्याच्या भराभर प्रती निघतात आणि त्यांच्यासोबत विषही वाढतं. म्हणून या संसर्गात अँटिबायोटिक देताना आम्ही हात आखडतो. विषाचं जनुक विषाणूचं असणं पटकीतही आहे. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९मध्ये पटकीचं विष दाखवलं. त्याचं जनुक एका विषाणूवर बसलेलं असतं, हे कळायला १९९६ उजाडलं.


विरजण_काका
मंगळवार, सकाळी ११:४०

मी आयुष्यभर डेअरीत क्वालिटीला होतो (आणंद-बडोदा पट्ट्यात, नाव कशाला). डॉक्टरांनी ज्या जिवाणूत राहणाऱ्या विषाणूंचा उल्लेख केला ते फाज, त्यांनी आमची झोप उडवली आहे. दह्याचं कल्चर (कारखान्यातलं विरजण) टाकलं, तापमान बरोबर, दूध बरोबर, आणि आंबटपणा चढायचाच थांबतो. व्हॅट, म्हणजे दुधाची मोठी टाकी, तशीच पातळ. आम्ही आधी दुधात कुणाचं अँटिबायोटिक आलंय का बघायचो, कारण गाईला इंजेक्शन दिलं की तेही कल्चर मारतं. ते नाही निघालं की सगळ्यांचे चेहरे पडायचे: फाज आला.

दुधाचं पाश्चरीकरण ७२ अंशाला १५ सेकंद, त्यातून बरेच फाज आरामात जगतात. चीज आणि पनीरच्या निवळीचे बारीक तुषार हवेत उडाले की शेजारच्या खोलीतही पोचतात. उपाय एकच, कल्चर आलटूनपालटून वापरायचं आणि सगळं क्लोरीनने धुवायचं.

आता गंमत ऐका. दही-योगर्टच्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूत फाजला ओळखून त्याचे तुकडे करायची यंत्रणा असते, हे २००७मध्ये डॅनिस्को या डेअरी कल्चरच्या कंपनीतल्या लोकांनी सिद्ध केलं. तीच क्रिस्पर. पुढे २०२०चं नोबेल क्रिस्परने जनुकं कापायच्या तंत्राला गेलं, आणि आमच्या धंद्याचं नाव कुणी घेतलं नाही. माझा एवढाच राग.


विश्वामित्रीकाठची
मंगळवार, दुपारी १:३०

काका, तुमचा राग मान्य. मला एक सांगा, घरचं विरजण मग असं एकदम का फसत नाही? आमच्याकडे आजेसासूबाईंपासून तेच चाललंय म्हणतात (खरं खोटं देव जाणे).


विरजण_काका
मंगळवार, दुपारी २:१०

कारखान्यातल्या कल्चरमध्ये मोजून दोन-तीन वाण असतात. एक फाज आला की सगळं बसतं. घरच्या विरजणात किती जातींची आणि वाणांची सरमिसळ असते ते कुणी मोजत नाही. फाज एखाद्या वाणाला संपवतो, उरलेले पुढे दही लावतात. हॉलंडमधल्या जुन्या चीजवाल्यांची मिश्र कल्चरंही म्हणूनच टिकाऊ ठरली. थंडीत दही लागत नाही त्याचा दोष मात्र फाजला देऊ नका. डबा गव्हाच्या पिठात ठेवा.


गायकवाडी_पगडी
मंगळवार, सायंकाळी ६:००

सगळं पश्चिमेचं ज्ञान. आपल्या पूर्वजांना गंगाजलाचं माहीत होतंच ना? १८९६मध्ये इंग्रजानेच कबूल केलं होतं की गंगेचं पाणी पटकीचे जंतू मारतं. ते हेच फाज.


विश्वामित्रीकाठची
मंगळवार, सायंकाळी ७:४५

तो इंग्रज अर्नेस्ट हँकिन, आग्र्याला सरकारी रसायन परीक्षक. गंगा आणि यमुना दोन्हींच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात, असं त्याने १८९६मध्ये लिहिलं. यमुनाही बरं का, एकट्या गंगेला श्रेय देऊ नका. त्याने पाणी उकळलं तर तो गुण जातो हेही नोंदवलं, पण कारण त्याला विषाणू वाटलं नव्हतं. विषाणू जिवाणू मारतो ही गोष्ट १९१५मध्ये लंडनच्या ट्वॉर्टने पाहिली. १९१७मध्ये पॅरिसला फेलिक्स द'एरेलने रक्ती हगवणीच्या रुग्णांच्या विष्ठेत ती पकडली आणि फाजला नाव दिलं. त्याचं निरीक्षण माझ्या आवडीचं आहे. रुग्ण बरा व्हायला लागला की त्याच्या विष्ठेत फाज वाढलेले दिसायचे. हाच द'एरेल १९२७मध्ये पटकीवर फाज वापरून बघायला भारतात आला होता.

याला आधुनिक पुष्टी ढाक्याहून मिळाली. २००५मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पाण्यात पटकीचे फाज वाढले की साथ ओसरते, आणि ते फाज वाढतात रुग्णांच्याच आतड्यातून बाहेर पडून. म्हणजे नदीतले फाज यायचेत कुठून, ते आलं लक्षात? जिथे पटकीचे जिवाणू भरपूर तिथेच त्यांना खाणारे भरपूर. फाज सापडले म्हणजे पाणी शुद्ध, असा अर्थ काढता येत नाही. उलट २०१४मध्ये संगणकावर जनुकांचे तुकडे जुळवताना सापडलेला क्रॅसफाज, जो आपल्यापैकी असंख्यांच्या आतड्यात आहे, तो आता पाण्यात मैला मिसळलाय का हे तपासायला वापरतात.


शंकासूर
मंगळवार, रात्री ९:२०

माफ करा, पण सगळे उंदीरच. उंदराच्या आतड्यात जे होतं ते माझ्यात होतं कशावरून? माणसावर काही आहे का, की नुसत्याच गप्पा?


विश्वामित्रीकाठची
मंगळवार, रात्री १०:५०

शंका बरोबर आहे, आणि माणसावरचं थोडंच आहे म्हणूनच मी काकूंना नको म्हटलं. जे आहे ते असं:

नोरोव्हायरस माणसाच्या पेशीवर चढताना रक्तगटाशी नातं असलेल्या साखरा पकडतो. ज्यांच्या एफयूटी२ या जनुकात बिघाड असतो त्यांच्या आतड्यात त्या साखरा येत नाहीत आणि नोरोच्या काही प्रमुख जातींना अशी माणसं दाद देत नाहीत. ही माणसावरची पक्की गोष्ट. २०१४मध्ये फ्लोरिडाच्या गटाने दाखवलं की तशाच साखरा अंगावर असलेले आतड्यातले जिवाणू परीक्षानळीत माणसाच्या नोरोला बी-पेशी या संरक्षक पेशींमध्ये शिरायला मदत करतात. परीक्षानळीत, हे अधोरेखित.

रोटाचं: नेदरलँड्समध्ये निरोगी प्रौढांना आधी अँटिबायोटिक देऊन मग रोटाची लस पाजली. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये सुरुवातीला प्रतिसाद देणारे जास्त दिसले, पण २८व्या दिवशी प्रतिद्रव्यं सगळ्यांची सारखीच.

फाजचं: जर्मनीत कीलला २०१७मध्ये क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूच्या हट्टी जुलाबाच्या ५ रुग्णांना निरोगी दात्याची विष्ठा बारीक गाळणीतून गाळून दिली. जिवाणू गाळणीत अडकले, विषाणू पार झाले. पाचही जण बरे झाले. फाजनेच केलं का? छातीठोक सांगता येत नाही, कारण गाळून आलेल्या पाण्यात जिवाणूंचे तुकडे आणि त्यांनी बनवलेली रसायनंही होती. शिवाय पाच म्हणजे पाचच.


दांडियाबाजारकर
मंगळवार, रात्री ११:१५

जेवून हा धागा वाचतोय. गाळलेल्या विष्ठेपर्यंत आलो. उद्यापासून उपाशीपोटी वाचेन.


अनघा_मांजलपूर
बुधवार, सकाळी १०:०५

माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. रोटाचे थेंब दोनदा झालेत, तिसरे राहिलेत. दोन प्रश्न. एक, लस असूनही शेजारच्या मुलाला रोटा झाला, मग उपयोग काय? दुसरा, डॉक्टरांनी जुलाबात 'चांगल्या जिवाणूंची' पुडी दिली होती. या धाग्यावरचं वाचून घाबरले, चांगले जिवाणूही विषाणूला मदत करतील का?


कोठीवरचा_डॉक्टर
बुधवार, दुपारी २:३०

अनघाताई, तिसरे थेंब चुकवू नका. आपली देशी रोटाव्हॅक ज्या विषाणूपासून बनली तो १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला होता, आणि त्या बाळांना जुलाबच झाले नव्हते. दिल्ली, पुणे, वेल्लोर इथल्या सुमारे ६,८०० बाळांवरच्या चाचणीत पहिल्या वर्षातला गंभीर रोटा तिने जवळपास ५६ टक्के टाळला. श्रीमंत देशांत रोटाच्या लशी याहून बऱ्याच वर जातात, हे खरं. पण आपल्याकडे रोटा इतका होतो की निम्मे गंभीर रुग्ण टळले तरी वॉर्डात फरक कळतो. रोटाची लस सरकारी लसीकरणात २०१६मध्ये चार राज्यांत सुरू झाली, २०१९पर्यंत देशभर. शेजारच्या मुलाला सलाइन लागलं का, हे विचारा. लसीचं मुख्य काम ते टाळणं.

पुडीचं: २०१८मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात जुलाब-उलट्यांच्या लहान मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्हींत प्रोबायोटिकने फरक पडला नाही. त्या विशिष्ट जिवाणूंपुरतं हे म्हणतोय. घाबरायचं कारण नाही, पण ओआरएसऐवजी ती देऊ नका.


विश्वामित्रीकाठची
बुधवार, दुपारी ४:००

अनघा, मदतीच्या भीतीबद्दल मी सांगते. आतड्यात आधीच एका ग्रॅममागे शंभर अब्जांच्या घरात जिवाणू आहेत, आणि त्यांच्यात अब्जावधी फाज. पुडीतले त्यात कुठे दिसणार!

तुझ्या कामाचं दुसरंच आहे. २०२०मध्ये फिलाडेल्फियाच्या गटाने बाळांच्या आतड्यातल्या विषाणूंचा माग काढला. जन्मल्यावर पहिल्या विष्ठेत विषाणू जवळजवळ नसतात. महिन्याभरात दिसतात ते बहुतेक फाज, आणि तेही आधी आलेल्या जिवाणूंच्या आतूनच बाहेर पडलेले. चौथ्या महिन्यापर्यंत माणसाच्या पेशींना लागणारे विषाणू ठळक होतात. पण थोडंफार जरी आईचं दूध मिळत असेल तरी ते कमी आढळले. पूर्णच हवं असं नाही, मिसळूनही फायदा दिसला. नोकरीवर रुजू होताना स्वतःचाच जीव खाणाऱ्या आयांना हे वाचून जरा बरं वाटावं.


गायकवाडी_पगडी
बुधवार, सायंकाळी ७:१०

आमच्या सोसायटीत पुराच्या वेळी गढूळ पाणी आलं. नंतर तपासणी झाली, 'कोलिफॉर्म नाही' असा कागद आला, तरी चार घरांत उलट्या सुरूच. कागद खोटा होता का?


विश्वामित्रीकाठची
बुधवार, रात्री ८:३०

कागद खरा असूनही उलट्या होऊ शकतात. कोलिफॉर्म चाचणी जिवाणूंची आहे. क्लोरीनने जिवाणू लवकर मरतात, नोरोसारखे विषाणू जास्त तग धरतात. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००मध्ये, उरलेला मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलाय, पण विषाणूंपासून बचाव हवा असेल तर ०.५. सोसायटीच्या टाकीसाठी क्लोरीन तपासायचं किट स्वस्तात मिळतं. पुढच्या वेळी सेक्रेटरींना कोलिफॉर्मसोबत हा आकडाही विचारा. तोवर पाणी खळखळून उकळा. आणि नोरोसाठी नुसत्या सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका, साबण आणि वाहतं पाणीच हवं.


शंकासूर
बुधवार, रात्री ९:४०

बरं, माणसांवरचं थोडं मान्य. फाजचं औषध म्हणून पुढे काही आहे का? जॉर्जियात म्हणे मिळतं.


विश्वामित्रीकाठची
बुधवार, रात्री १०:२०

तिबिलिसीची एलियावा संस्था १९२३पासून फाजवरच चालू आहे. द'एरेलही तिथे काम करून आला होता. पण मला जास्त आशा वाटते ती नेमक्या एका जिवाणूला काढून टाकणाऱ्या फाजमध्ये. दारूने यकृत सुजलेल्या काही रुग्णांच्या आतड्यात एंटेरोकॉकस फिकॅलिस या जिवाणूचा एक विषारी वाण असतो. २०१९मध्ये अशा रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू उंदरांत घातले आणि फक्त त्या वाणावर फाज सोडले, तर यकृताची हानी कमी झाली. बाकीच्या जिवाणूंना धक्का नाही. चार औषधांच्या माऱ्यापेक्षा ही दिशा मला पटते. पुन्हा उंदीरच, शंकासूर, मला माहीत आहे.


दांडियाबाजारकर
बुधवार, रात्री १०:३५

दारूबंदीच्या राज्यात या संशोधनाला रुग्ण कुठून आणणार?


कोठीवरचा_डॉक्टर
बुधवार, रात्री १०:४१

ओपीडीत या एकदा. रुग्णांची टंचाई नाही.


विरजण_काका
गुरुवार, सकाळी ९:००

एक राहिलं. कल्चर आलटूनपालटून वापरलं तरी काही वर्षांनी नवा फाज येतोच, जुन्यात थोडा बदल होऊन. औषध म्हणून फाज वापरणाऱ्यांना उलटी अडचण येईल, जिवाणूच बदलेल आणि फाज निकामी होईल. म्हणून एक फाज पुरणार नाही, तीन-चारांचं मिश्रण लागेल आणि ते अधूनमधून बदलावं लागेल. एलियावावाले तेच करतात असं ऐकून आहे. डेअरीतल्या माणसाला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.